पंटवर फ्लॅग पडला की नेमकं काय बघायचं? नवीन ऑफिशियलसाठी (आणि स्टँडमध्ये बसलेल्या आईबाबांसाठी)

मी सांगलीचा, कबड्डी आणि क्रिकेटवर वाढलेला माणूस. अमेरिकेत आल्यावर दहा वर्षं तरी फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडायचं, एवढंच मला कळत होतं. मग मुलगा नववीत टीममध्ये गेला, आमच्या भागात हायस्कूलच्या मॅचेसना ऑफिशियल मिळत नाहीत असं कळलं आणि मी नाव नोंदवलं. बायको म्हणाली, "झेब्र्याचा शर्ट घालून लोकांच्या शिव्या खायला निघालात, हौसच आहे." शिव्या खाल्ल्याच, आणि सगळ्यात जास्त खाल्ल्या त्या पंटवर.

रन किंवा पास असेल तर निदान बॉल कोणाचा आहे हे तरी पक्कं असतं. पंटवर बॉल हवेत, म्हटलं तर कोणाचाच नाही, बावीस पोरं चाळीस यार्ड धावतायत, आणि तोच धक्का दोन सेकंद आधी लागला तर एक निकाल आणि नंतर लागला तर दुसरा. मला हे कळायला दीड सीझन गेला: पंटवर काय झालं यापेक्षा कधी झालं हे आधी विचारायचं. स्नॅपआधी (बॉल दोन पायांमधून मागे देऊन खेळ सुरू होतो, तो स्नॅप), बॉल हवेत असताना, की कोणीतरी तो धरल्यावर? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

ज्यांना अगदीच नवीन आहे त्यांच्यासाठी: चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड जायचं असतं (गेलं की फर्स्ट डाउन, म्हणजे पुन्हा नवे चार प्रयत्न), चौथ्या डाउनला जमेल असं वाटत नसेल तर टीम बॉल लाथ मारून लांब पाठवून देते, तो पंट. फ्लॅग म्हणजे फाउल दिसला की ऑफिशियल टाकतो तो पिवळा रुमाल. रूलबुकात लाथ मारणाऱ्या टीमला के आणि घेणाऱ्या टीमला आर म्हणतात, मी पण तसंच लिहितो.

१. आधी बघा, कुठलं रूलबुक चालू आहे

पहिला खड्डा हाच. रविवारी टीव्हीवर एनएफएल (व्यावसायिक लीग) बघून शुक्रवारी हायस्कूलच्या मैदानावर ओरडणारे बाबा लोक निम्म्या वेळा चुकीच्या पुस्तकातून ओरडत असतात. बहुतेक राज्यांत हायस्कूल एनएफएचएसच्या (हायस्कूल खेळांची राष्ट्रीय संघटना) नियमांनी खेळतं, कॉलेज एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना), आणि टेक्सासमध्ये हायस्कूलसुद्धा एनसीएएच्याच नियमांवर चालतं. तिथे राहणाऱ्यांनी हा लेख थोडा जपून वाचा, मी एनएफएचएसवाला आहे.

पंटवरचे दोनच फरक सांगतो. एनएफएलमध्ये लाथ बसेपर्यंत फक्त दोन टोकाच्या पोरांना, म्हणजे गनरना, लाइनच्या (बॉल ठेवलाय तिथल्या आडव्या काल्पनिक रेषेच्या) पुढे धावता येतं, हायस्कूलमध्ये तसं बंधन नाही, स्नॅप झाला की सगळे सुटू शकतात. आणि हायस्कूलमध्ये पंटने आरची गोल लाइन ओलांडली की बॉल तिथेच डेड (खेळ थांबला), टचबॅक, म्हणजे बॉल आरला वीसवर (गोल लाइनपासून वीस यार्डांवर). एंड झोनमध्ये (गोल लाइनच्या मागच्या पट्ट्यात) झेलून पळत सुटायचं हे टीव्हीवरचं दृश्य इथे नाही. दर सीझनला एखादं पोरगं झेलून पळतंच आणि आम्ही शिट्टी वाजवली की कोच आमच्याकडे असं बघतो की जणू आम्ही त्याचं घर लुटलं.

२. काय काय लागतं

नोंदणीसाठी: राज्याच्या हायस्कूल असोसिएशनची मेंबरशिप, ओळखपत्र, बॅकग्राउंड चेक, आणि दरवर्षीची नियमांची परीक्षा. रूलबुकाबरोबर केसबुक नक्की घ्या. रूलबुक म्हणजे कायदा आणि केसबुक म्हणजे खटले, पंट केसबुकशिवाय डोक्यात शिरत नाही. मेकॅनिक्सचं पुस्तक वेगळं असतं, कुठे उभं राहायचं ते त्यात.

मैदानावर: पिवळा फ्लॅग, शिट्टी, बीनबॅग (शक्यतो दोन), बोटात अडकवायचा इलॅस्टिकचा डाउन इंडिकेटर, गेम कार्ड आणि पेन्सिल. पेन थंडीत बंद पडतं, नोव्हेंबरमध्ये कळेल.

बीनबॅग म्हणजे फ्लॅग नाही हे घरच्यांनाही सांगून ठेवा. ती फक्त जागेची खूण. किक कुठे संपली, केने पहिला हात कुठे लावला, तिथे टाकायची. माझी बायको पहिल्या मॅचला स्टँडमधून विचारत होती की ती छोटी उशी कोणाची पडली.

३. स्नॅपआधी: मोजा आणि थांबा

अकरा-अकरा मोजा, मोजून झालं की जोडीदाराला मूठ दाखवून खूण करा. केच्या बॅकफील्डमध्ये (लाइनच्या मागे) चारपेक्षा जास्त नकोत, लाइनवर किमान पाच हवेत. एरवी लाइनवर ५० ते ७९ नंबरची पाच पोरं लागतात, पण पंटच्या फॉर्मेशनमध्ये या नंबरांना सूट आहे. मात्र सूट मिळाली म्हणून लाइनच्या मधोमध उभं राहिलेलं ८८ नंबरचं पोरगं पास झेलू शकत नाही, त्यामुळे स्नॅपआधी कोण टोकाला आहे आणि कोण मध्ये हे डोक्यात पक्कं करून ठेवा, कारण फेक पंट (पंटचं नाटक करून पास किंवा रन) पडला की मागे जाऊन बघता येत नाही.

चौथा डाउन आणि तीन-चार यार्ड हवे असतील तर सावध. केचा एखादा पोरगा अचानक झटका देतो, आरचा उतावीळ पोरगा आत उडी मारतो, आणि कोच "ऑफसाइड!" म्हणून नाचतो. बघायचं एवढंच की आधी कोण हललं. समोरच्याला फसवून आत खेचायलाच केलेली हालचाल असेल तर तो केचा फॉल्स स्टार्ट. नसेल तर आरचं एन्क्रोचमेंट, आणि हायस्कूलमध्ये परत मागे जायची सवलत नाही, लगेच डेड बॉल. दोन्हीकडे पाचच यार्ड, पण एका बाजूने फर्स्ट डाउन मिळू शकतो आणि दुसऱ्या बाजूने पाच यार्ड मागे जाऊन पंट.

४. किकरला धक्का: पाच की पंधरा?

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा निवांत सांगतो.

दोन वेगळे गुन्हे आहेत. रनिंग इनटू, म्हणजे किकरला धक्का लागला, तो जागेवरून हलला, पण त्याला कोणी आपटलं नाही: ५ यार्ड, फर्स्ट डाउन आपोआप नाही. रफिंग, म्हणजे अंगावर घुसणं, टॅकल (धरून पाडणं), ब्लॉक (अंगाने अडवणं, ढकलणं): १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. चौथा डाउन आणि बारा यार्ड हवे असतील तर पहिल्यात चौथा आणि सात (चौथा डाउन, सात यार्ड बाकी) होतो, दुसऱ्यात केची टीम नव्याने सुरू. म्हणजे तुमच्या एका शब्दावर बॉल कोणाकडे राहणार ते ठरतं. (आणि हो, चौथा आणि पाच किंवा कमी असेल तर ५ यार्डातही फर्स्ट डाउन होतोच, आपोआप नाही तर अंतराने. स्टँडमध्ये हे कोणालाच पटत नाही.)

कसं ओळखायचं? मला एका जुन्या व्हाइट हॅटने, म्हणजे क्रूच्या मुख्य रेफरीने, सांगितलं की पडणाऱ्या किकरकडे बघू नकोस, त्याच्या जमिनीवरच्या पायाकडे बघ. एका पायावर उभ्या माणसाचा तोच पाय खालून गेला तर गुडघा जातो. एनएफएलने तर हे नियमातच सरळ घातलंय, उभ्या पायाला धक्का म्हणजे रफिंग. हायस्कूलमध्ये शब्द वेगळे आहेत पण डोळ्यांनी बघायची पद्धत तीच. हवेत गेलेल्या लाथेच्या पायाला चाटून गेलं आणि पोरगं स्वतःच दोन कोलांट्या मारून पडलं, तर ऑस्कर द्या, पंधरा यार्ड देऊ नका.

आता कुठे फ्लॅगच नाही:

बचाव करणाऱ्याने बॉलला हात लावला, किक ब्लॉक केली, आणि त्या झोकात टाळता न येणारा धक्का लागला. केच्याच पोराने त्याला किकरवर ढकललं. धक्का किरकोळ आणि थोडाफार किकरच्या स्वतःच्याच हालचालीने झाला. किंवा किक होणार आहे हे समोरच्याला कळायचं काही कारणच नव्हतं, उदाहरणार्थ स्नॅप हुकला, पोरगं बॉल उचलून इकडे तिकडे धावतंय आणि धावता धावता अचानक लाथ मारली. ही रग्बीसारखी धावत मारायची पद्धत कॉलेजमध्ये ऑस्ट्रेलियन पंटर आल्यापासून फार वाढली, त्यामुळे एनसीएएमध्ये टॅकल बॉक्सच्या (लाइनच्या मधल्या खेळाडूंमागच्या पट्ट्याच्या) बाहेर बॉल घेऊन गेलेल्या किकरचं हे खास संरक्षण संपतं. १७ ऑक्टोबर २०१५ ला मिशिगनचा पंटर ब्लेक ओ'नील, तो पण ऑस्ट्रेलियनच, शेवटच्या १० सेकंदांत स्नॅप नीट धरू शकला नाही, मिशिगन स्टेटची पोरं त्याच्यावर तुटून पडली, बॉल उडाला आणि २३-२१ ने जिंकत आलेली मॅच २७-२३ ने गेली. ती क्लिप बघताना फ्लॅग का पडला नाही विचारत असाल तर उत्तर सोपं आहे, किक झालीच नव्हती, तो त्या क्षणी फक्त हातातून बॉल निसटलेला खेळाडू होता.

माझी स्वतःची फजिती पण इथलीच. पहिला सीझन, गुरुवारची ज्युनियर टीमची मॅच, मी साइडलाइनला लाइन जज. किकर धाडकन पडला, मी वीस यार्डांवरून पंधरा यार्डाचा फ्लॅग भिरकावला, छाती फुगवून. व्हाइट हॅट आला आणि हळूच विचारलं, "त्याला ढकललं कोणी?" मी म्हटलं म्हणजे काय, ४४ नंबर आला आणि पडला. तो म्हणाला, "४४ ला त्यांच्याच ब्लॉकरने मागून ढकललं, मी तिथेच उभा होतो." किकरच्या लाथेच्या पायाच्या बाजूला, जरा मागे, रेफरी त्यासाठीच उभा असतो. तो माझा एरियाच नव्हता. माझं काम लाइन धरून बॉल पार होतोय का बघायचं आणि मी बघत होतो किकर. फ्लॅग उचलला, कोचचं बोलणं खाल्लं.

स्नॅप करणारा पोरगा पण विसरू नका. त्याचं डोकं खाली, दोन पायांमधून मागे बघतोय, त्याला सावरायच्या आत थेट अंगावर घुसलं तर रफिंग द स्नॅपर, तेही १५ आणि आपोआप फर्स्ट डाउन. अंपायरने बॉलच्या मागे न बघता त्याच्याकडे बघत राहायचं असतं, आणि ते फार अवघड आहे, बॉल उडाला की मान आपोआप वर जाते.

५. बॉल हवेत असताना

झेलणाऱ्याला मोकळी वाट हवी. बॉल हवेत असताना केच्या पोराने त्याला धक्का दिला, आडवा आला, किंवा त्याचा बॉल हिसकावला, तर किक-कॅच इंटरफेरन्स, १५ यार्ड. फेअर कॅचची (मी झेलून पळणार नाही, मला हात लावू नका, अशी) खूण केली नसली तरी हे लागूच आहे, लोकांना वाटतं हात वर केला तरच संरक्षण. उलट आरच्याच पोराने केच्या पोराला त्याच्यावर ढकललं असेल तर फ्लॅग नाही. आणि बॉल जमिनीवर पडला की हे संरक्षण संपलं.

फेअर कॅचची खूण म्हणजे एक हात पूर्ण वर, डोक्याच्या वर, आणि आडवा हलवायचा. खांद्याजवळ अर्धवट हात फडफडवला तर ती चुकीची खूण, ५ यार्ड, आणि झेलला की बॉल तिथेच डेड. उन्हात डोळ्यावर हात धरला तर ती खूण नाही, सप्टेंबरच्या दुपारी हे रोज होतं. आणि ज्याने खूण केली त्याने किक संपेपर्यंत कोणाला ब्लॉक करायचं नाही, केलं तर १५. कोच लोक हे शिकवत नाहीत, पोरगं खूण करून बॉल सोडून देतं आणि समोरच्या गनरला उडवतं.

गनर साइडलाइनच्या बाहेरून वळसा घालून आला तर बघा, तो आपणहून बाहेर गेला की त्याला कोणी ढकललं? आपणहून गेला आणि परत आत आला तर इललीगल पार्टिसिपेशन, १५. ढकलला असेल तर पहिल्या संधीला आत यायचं, आरामात बेंचमागून वीस यार्ड धावत यायचं नाही.

६. पहिला हात कोणाचा?

हे कबड्डीवाल्यांना पटकन कळेल. रेडर आणि डिफेंडरची झटापट सुरू झाली की लॉबी खुली होते ना, त्याआधी लॉबीत पाय पडला तर बाद. तसंच इथे. पंट लाइनच्या पलीकडे गेला की आरचा स्पर्श होईपर्यंत के टीमला तो बॉल स्वतःचा करता येत नाही. आरचा स्पर्श झाला की लॉबी उघडली, आता के झडप घालून घेऊ शकतो. घेऊ शकतो, पण झेलणाऱ्याच्या हातून नुसता निसटला असेल तर घेऊन पळू शकत नाही. आरने आधी नीट ताबा घेतला आणि मग पडला, तरच पळता येतं.

स्पर्श म्हणजे कसलाही. २२ जानेवारी २०१२, एनएफसी चॅम्पियनशिप (एनएफएलची सुपर बोलआधीची मॅच), सॅन फ्रान्सिस्कोचा काइल विल्यम्स उसळत्या पंटपासून लांब जायच्या नादात होता आणि बॉल त्याच्या गुडघ्याला चाटून गेला. न्यूयॉर्क जायंट्सनी उचलला, रिप्ले बघून बॉल त्यांना दिला, आणि शेवटी ओव्हरटाइममध्ये २०-१७ ने मॅच पण त्यांचीच. हायस्कूलमध्ये रिप्लेची चैन आपल्याला नाही, म्हणून बॅक जजने (सगळ्यात मागे उभ्या ऑफिशियलने) झेलणाऱ्याच्या पायांजवळ डोळा ठेवायचा.

अपवाद दोन. केच्या पोराने आरच्या पोराला बॉलवर ढकललं असेल तर तो स्पर्श धरत नाहीत. आणि लाइनपाशी दोन यार्डांच्या पट्ट्यात खालून जाणाऱ्या किकला हात लागला तर तोही धरत नाहीत.

आता केने आधी हात लावला तर? हा फाउल नाही, नवीन लोक इथे फ्लॅग टाकतात. बीनबॅग टाका. समजा आरच्या ८ वर केच्या पोराने हात लावला, बॉल लोळत राहिला, आरच्या पोराने उचलून पळायचा प्रयत्न केला आणि १५ वर पाडला, केने घेतला. आर म्हणू शकतो, नको, आम्हाला ८ वरच द्या. म्हणजे आरला फुकटचा जुगार. फक्त त्या डाउनमध्ये कुठलीही पेनल्टी स्वीकारली गेली तर हा हक्क जातो.

७. आरचा फाउल आणि बॉल तरीही आरकडेच कसा?

स्टँडमधला सगळ्यात मोठा प्रश्न. आरने मागून ब्लॉक केलं, फ्लॅग पडला, मग चौथा डाउन परत का नाही खेळायचा?

कारण पोस्ट-स्क्रिमेज किक नावाचा नियम. अटी पाच: फाउल आरचा, लाइनच्या पुढच्या त्या दोन यार्डांच्या पट्ट्याच्या पलीकडे, किक संपायच्या आधी, किक तो पट्टा ओलांडून गेलेली आणि पुढचा बॉल केकडे जाणार नाही. असं असेल तर बॉल आरचा समजायचा आणि किक जिथे संपली तिथून पेनल्टी मोजायची, फाउल त्याच्याही मागे असेल तर फाउलच्या जागेवरून.

आकड्यांत बघा. के स्वतःच्या ३० वर, चौथा आणि आठ. पंट आरच्या ३० वर झेलला. बॉल हवेत असताना आरच्या पोराने आरच्या ४० वर मागून ब्लॉक केलं. ३० वरून १० मागे, आरच्या २० वर आरचा फर्स्ट डाउन. हेच ब्लॉक आरच्या २६ वर झालं असतं तर २६ वरून मोजा, बॉल १६ वर. हा नियम नसता तर दहा यार्ड के टीमला मिळाले असते, आठच हवे होते, म्हणजे मागे कुठेतरी झालेल्या एका ढकलाढकलीपायी आरचा बॉलच गेला असता.

एन्क्रोचमेंट किंवा रफिंग यात बसत नाही, ते लाइनवर किंवा मागे होतं. आणि केचा फाउल असेल तर आरला चॉइस: डाउन परत खेळा, किंवा रिटर्न (झेललेला बॉल घेऊन परत पळणं) जिथे संपला तिथून यार्ड जोडून घ्या. कॅप्टन बावरतो, त्याला दोन्ही नीट सांगा.

८. काय सोडून द्यायचं

रिटर्नवर बॉलपासून तीस यार्ड लांब दोघं एकमेकांचा शर्ट धरून उभे आहेत, सोडून द्या, बोलून सांगा. पण लांब असला तरी जिवावर बेतणारा धक्का सोडायचा नाही. न बघणाऱ्या पोराला बाजूने खांद्याने उडवणं हे २०१७ पासून हायस्कूलमध्ये वेगळा फाउल आहे, १५ यार्ड, ब्लॉक करायचंच तर उघडे हात पुढे ठेवून. पंट रिटर्नवर हे सगळ्यात जास्त दिसतं कारण सगळे वर बघत धावत असतात.

मागून ब्लॉक बघताना सुरुवात दिसली नसेल तर फ्लॅग खिशातच ठेवा. पडलेलं पोरगं दिसणं आणि ढकलताना दिसणं यात फरक आहे, समोरचा शेवटच्या क्षणी वळतो आणि बाजूचा ब्लॉक मागचा दिसतो.

९. फ्लॅग टाकल्यावर काय सांगायचं

व्हाइट हॅटकडे जाऊन नुसतं "होल्डिंग" म्हणू नका. क्रमाने: कुठला फाउल, कोणत्या टीमचा, नंबर, जागा, आणि त्या वेळी बॉल कुठे होता. "मागून ब्लॉक, आर, २१ नंबर, आरच्या ४० वर, बॉल हवेत." एवढं वाक्य पुरतं. बॉल कुठे होता हे विसरलात तर पाच जण मैदानाच्या मधोमध जमून डोकं खाजवतात आणि दोन्ही कोच घड्याळ दाखवत ओरडतात.

आणि पेनल्टी मोजून झाल्यावर बीनबॅग उचला. माझी पहिली बीनबॅग अजूनही कुठल्या तरी शाळेच्या बत्तीस यार्डाच्या खुणेपाशी असेल, गवत कापणाऱ्याला मिळाली असेल तर माहीत नाही.